सीजे-३बीत डिझेल टाकायचंय? आधी मागचं क्राऊन-पिनियन मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. विट्याजवळच्या गावात आजोबांनी घेतलेली १९७९ ची महिंद्रा सीजे-३बी, फोर व्हील ड्राइव्ह, पेट्रोलवरचं मूळ हरिकेन इंजिन, आरसीवरही पेट्रोलच. लिटरला सहा-सात किलोमीटर देते. घाटात दम तोडते. उन्हाळ्यात बंद पडली की अर्धा तास सेल्फ मारून उपयोग होत नाही. एक मिस्त्री म्हणतो महिंद्राचं डीआय डिझेल टाका, दुसरा म्हणतो प्यूजोचं एक्सडीपी डिझेल, आणि भाच्याने मोबाईलवर टोयोटाचं इंजिन टाकलेली, हरियाणातल्या डबवालीकडची जीप दाखवली. बजेट दीड लाख, महिन्याचं फिरणं तीनशे किलोमीटरच्या आसपास: शेत, बाजार, कधीतरी कोल्हापूर. तर यातलं कोणतं इंजिन टाकू?

मी कोल्हापुरात, उद्यमनगरच्या लेथ आणि बोअरिंगवाल्यांच्या शेजारी राहून जुन्या जीपांचं काम करतो. इंजिनं उतरवणं आणि चढवणं यावरच माझं पोट आहे, त्यामुळे ‘सध्या थांबा’ असं सांगण्यात माझाच तोटा आहे. तरीही तेच सांगतोय. तुमच्या तीन तक्रारी आहेत आणि तिन्हींची कारणं बहुधा वेगवेगळी आहेत. तुम्ही त्यांची एकच मोळी बांधून इंजिनाच्या डोक्यावर ठेवली आहे. नवीन इंजिन आल्यावर त्यातली एखादी तक्रार जाईल, एखादी तशीच राहील, आणि दोन नव्या येतील.

घाटातल्या दमापासून सुरू करू, कारण डिझेलचा मोह तिथूनच होतो. हरिकेन म्हणजे २१९९ सीसीचं लांब स्ट्रोकचं इंजिन: बोअर साडेएकोणऐंशी मिलिमीटरच्याही आत आणि स्ट्रोक १११ मिलिमीटर. असं इंजिन मुळातच खालच्या आरपीएमला ओढणारं असतं. कंपनीच्या कागदावर त्याचा टॉर्क, म्हणजे फिरवायची ओढ, २००० आरपीएमला साधारण पावणेसोळा किलोग्रॅम-मीटर आहे. आता एक्सडीपी ४.९० घ्या. हे प्यूजोचं २११२ सीसीचं डिझेल, एमएम-५४० मध्ये यायचं. ताकद ६२ हॉर्सपॉवर, तीही ४५०० आरपीएमला, आणि टॉर्क साधारण बारा-साडेबारा. हरिकेनचे जुने अमेरिकी आकडे मोजायची पद्धत थोडी उदार होती हे धरलं, तरी धडधाकट हरिकेन एक्सडीपीपेक्षा चढाला कमी पडणार नाही. म्हणजे घाटासाठी एक्सडीपी टाकणं हे उलटं काम आहे. ज्यांच्या गाडीत एक्सडीपी टाकल्यावर ‘केवढा फरक पडला’ असं ऐकू येतं, त्यांचं जुनं हरिकेन आधीच मेलेलं होतं. फरक निरोगी इंजिनाचा होता, डिझेलचा नव्हे.

डीआयची गोष्ट वेगळी. महिंद्राचं २५२३ सीसीचं डीआय ट्रॅक्टरच्या कुळातलं. त्याचा टर्बो नसलेला प्रकार टॉर्कला हरिकेनच्या जवळपास असतो, पण तो टॉर्क अगदी खालून मिळतो आणि इंजिन शांतपणे ओढत राहतं. मात्र त्याचा गव्हर्नर ३२०० आरपीएमच्या आसपास इंजिनाला अडवतो. त्याच्या पुढे ते जात नाही, आणि जावं असा त्याचा स्वभावही नाही. ही एक मर्यादा तुमच्या गाडीत काय करते ते बघा.

सीजे-३बीला कंपनीतून ५.३८ चं क्राऊन-पिनियन यायचं (हौसिंग, म्हणजे ॲक्सलच्या पेटीतली दातेरी जोडी; शाफ्टच्या ५.३८ फेऱ्यांना चाकाचा एक), म्हणजे क्राऊनला ४३ दात आणि पिनियनला ८. सहा-सोळाचा टायर एका फेऱ्यात साधारण २.२ मीटर जातो. टॉप गिअर डायरेक्ट असतो, शाफ्ट इंजिनाच्याच वेगाने फिरतो. म्हणजे ताशी ६० ला चाक मिनिटाला ४५५ फेरे फिरतं आणि इंजिन २४५० च्या आसपास. हरिकेन ४००० पर्यंत जाऊ शकतं, म्हणजे कागदावर ताशी ९८. डीआय ३२०० ला अडलं की गाडी ताशी ७८ ला संपली, आणि आरामात चालवायची तर ५५-६०. त्या वेगाला डिझेलचा आवाज आणि थरथर घेऊन तुम्ही विट्याहून कोल्हापूरला याल, तेव्हा आजोबांचं हरिकेन आठवेल. प्रवासी भरून नेणाऱ्या वडापच्या जीपा डीआयवर जन्म काढायच्या हे खरं, पण त्यांचं मागचं गणित कंपनीने त्या इंजिनाला धरून केलेलं होतं.

म्हणून डीआय टाकायचं तर क्राऊन-पिनियन बदलावं लागतं. ४.२७ चा सेट (४७ आणि ११ दात) बसवला की ३२०० ला गाडी ताशी ९९ पर्यंत जाते आणि ६० ला इंजिन १९५० च्या आसपास राहतं. इथे लोक अर्धं काम करतात. तुमची गाडी फोर व्हील आहे, म्हणजे पुढचा आणि मागचा दोन्ही हौसिंगचा रेशो तोच हवा. मागचा बदलून पुढचा ५.३८ ठेवला, तर कोरड्या रस्त्यावर फोर व्हील टाकताच गाडी अडकून बसेल. तसंच चालवत राहिलात तर ट्रान्स्फर केस (ताकद पुढच्या-मागच्या शाफ्टला वाटणारी पेटी) किंवा जॉइंट जाईल. मग ‘पुढचा शाफ्टच काढून टाकू’ हा सल्ला मिळतो आणि फोर व्हीलची जीप टू व्हील होऊन बसते. याला मी दुरुस्ती म्हणत नाही.

तुमच्या गाडीत आत्ता कोणता रेशो आहे हे गृहीत धरू नका. पंचेचाळीस वर्षांत कुणी काय बदललं असेल सांगता येत नाही. मोजायला सोपं आहे. गाडी सपाट जागी उभी करा, दोन्ही पुढच्या चाकांना आणि मागच्या एका चाकाला दोन्ही बाजूंनी अटण (चाक अडवायचा दगड किंवा ठोकळा) लावा, गिअर आणि ट्रान्स्फर दोन्ही न्यूट्रलला. मागचं दुसरं चाक जॅकवर घ्या आणि हातब्रेक सोडा. या गाडीचा हातब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्स्फर केसच्या मागे शाफ्टवर असतो. त्यामुळे एक चाक उचललं की तो ओढलेला असला तरी गाडी धरून ठेवत नाही. म्हणूनच अटणीवर एवढा जोर देतोय. आता उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि प्रॉपेलर शाफ्ट किती फेरे फिरला ते खडूच्या खुणेवर मोजा. जेवढे फेरे, तेवढा रेशो. सव्वाचार, पावणेपाचच्या थोडा वर आणि साडेपाचच्या थोडा आत, यातला फरक डोळ्याला दिसतो. टायर कोणते आहेत तेही बघा. रुंद, उंच टायर घातले असतील तर चढाला दम तोडण्याचं निम्मं कारण तिथेच सापडेल, कारण टायर उंच झाला की आपोआप सगळे गिअर उंच होतात.

आता तुमच्या हरिकेनकडे येऊ. ‘इंजिन संपलंय’ हे कुणी ठरवलं? कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरातला दाब, कुणी मोजलं का? प्रश्नात तसं काही दिसलं नाही. इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि सेल्फवर गेज लावा. निरोगी हरिकेनला १२० ते १३० पीएसआय मिळतं आणि सिलिंडरांत दहापेक्षा जास्त फरक नसतो. एखादा सिलिंडर कमी निघाला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वर आला तर रिंग आणि बोअर, आला नाही तर व्हॉल्व्ह.

व्हॉल्व्हबद्दल एक गोष्ट खास या इंजिनाची आहे. याचे इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये असतात. वरचं झाकण उघडणं सोपं, म्हणून इनलेटचे टॅपेट सगळेच लावतात. एक्झॉस्टचे टॅपेट ब्लॉकच्या कुशीतल्या झाकणाआड असतात. तिथे हात घालायला जागा कमी, गॅस्केट गळण्याची भीती, म्हणून ते वर्षानुवर्षं तसेच राहतात. सीट झिजत जाते, टॅपेट टाइट होत जातो, व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि जळतो. ‘संपलेली’ म्हणून माझ्याकडे आलेल्या हरिकेनांतली बरीच अशीच होती: बोअर ठीक, एखाद-दुसरा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळालेला. गार इंजिनाला टॅपेटची फट इनलेटला १८ थाऊ (इंचाचे हजारावे भाग) आणि एक्झॉस्टला १६ थाऊ, हे दोन आकडे मिस्त्रीला भिंतीवर लिहून द्या. हेड उतरवून व्हॉल्व्ह-सीटचं काम करून घ्यायचा खर्च इंजिन बदलण्याच्या मानाने किरकोळ आहे.

बोअरच गेलं असेल तर पुढचं ठरवायचं. पण तेव्हासुद्धा बोअरिंग, ओव्हरसाइज पिस्टन, क्रँक ग्राइंडिंग हे पर्याय आहेत आणि आपल्याकडे ते करणारे हातही आहेत. पार्ट शोधावे लागतात हे मान्य. पिस्टन घेताना डब्यावरचा नंबर बघून गप्प बसू नका. मायक्रोमीटरने पिस्टन मोजा आणि त्या मापाला बोअर करून घ्या. बोअर आधी करून पिस्टन नंतर शोधणारे मी पुष्कळ बघितलेत.

उन्हाळ्यात गरम झाल्यावर सुरू न होणं ही तिसरी तक्रार. इंजिन बदलायच्या यादीतून ती मी आत्ताच काढून टाकतो. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते या गाडीच्या काळी नव्हतं. इथेनॉलने जुने रबरी पाइप आणि पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम फुगतात, मऊ पडतात. शिवाय तुमचा यांत्रिक पंप ब्लॉकला चिकटलेला आहे. तापलेलं इंजिन बंद केलं की त्याची उष्णता पाइपातल्या पेट्रोलवर जाते, वाफ होते, आणि पंप वाफ ओढत बसतो. अर्ध्या तासाने गार झालं की गाडी सुरू. तुम्ही लिहिलेलं लक्षण तंतोतंत हेच आहे. तरी खात्री करून घ्या, कारण गरम झाल्यावर दगा देणारी कॉइल किंवा कंडेन्सरसुद्धा असंच वागतात. पुढच्या वेळी बंद पडली की एक जादा प्लग वायरला लावून ठिणगी बघा. ठिणगी निळी आणि जोमदार असेल, तर एअर क्लीनर काढून कार्बोरेटरच्या तोंडात बघा आणि ॲक्सिलरेटरची दांडी हाताने हलवा. आत पेट्रोलची पिचकारी दिसली नाही तर दोष पेट्रोल पोहोचण्यात आहे. उपाय: इथेनॉल चालेल अशा रबराचे पाइप, नवीन डायफ्रॅम, पेट्रोलची लाइन सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून लांब नेणं आणि मध्ये पत्र्याचा आडोसा. एवढ्यावर बहुतेक गाड्या सुधारतात. इथेनॉलमुळे मिश्रण थोडं पातळ होतं, म्हणून कार्बोरेटरचा जेटही एकदा जाणकाराकडून बघून घ्या. ओढ आणि ॲव्हरेज दोन्हींवर त्याचा परिणाम होतो.

ॲव्हरेजचा हिशेब मी कागदावर मांडतो, तुम्ही तुमचे आकडे घालून तपासा. महिन्याला ३०० किलोमीटर. आत्ता साडेसहाने ४६ लिटर पेट्रोल. चाकं मोकळी फिरतात का, ब्रेक अडकतात का, टायमिंग, कार्बोरेटर, टॅपेट हे सगळं नीट केलं तर या गाडीकडून साडेआठची अपेक्षा ठेवा, म्हणजे ३५ लिटर. डीआय टाकून बारा मिळाले तर २५ लिटर डिझेल. आजच्या दराने सुधारलेलं पेट्रोल इंजिन आणि डिझेल यांच्यातला फरक महिन्याला बाराशे-चौदाशे रुपये, वर्षाला फार तर सोळा-सतरा हजार. दीड लाखाचं काम वसूल व्हायला नऊ-दहा वर्षं. आणि ते काम दीड लाखात होत नाही.

का होत नाही, ते सांगतो. माझ्या अनुभवात नुसत्या इंजिनाची किंमत एकूण खर्चाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास असते. बाकीचा पैसा इंजिनाच्या आजूबाजूला जातो. पहिलं म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सचा जोड. तुमच्याकडे मूळ थ्री-स्पीड टी-९० गिअरबॉक्स असेल. त्याचं बेल हाउसिंग, म्हणजे इंजिनाला जोडणारं क्लचभोवतीचं कवच, हरिकेनच्या मापाचं. डिझेलला जोडायला मध्ये प्लेट कापून बसवणारे आहेत, आणि ती प्लेट बरोबर मध्यावर नसेल तर पुढची दहा वर्षं त्रास. क्लच थरथरतो, गिअर सुटतो, इनपुट शाफ्टचं बेअरिंग ओरडतं, आणि दर वेळी दोष बिचाऱ्या गिअरबॉक्सला. मी फ्लायव्हीलला डायल गेज लावून बेल हाउसिंगचं भोक फिरवून बघतो. पाच थाऊपेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही, आणि जागा पक्की झाल्यावर ती हलू नये म्हणून डॉवेल पिन मारतो. तुमचा मिस्त्री ‘नजरेने बरोबर आहे’ म्हणाला तर गाडी तिथून उचला.

म्हणूनच डिझेल टाकायचं पक्कं झालं तर सुटं इंजिन आणू नका. एकाच गाडीतून निघालेलं इंजिन, बेल हाउसिंग, क्लचची सगळी जोडणी, गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस, रेडिएटर, माउंटिंगचे ब्रॅकेट, एअर क्लीनर असा अख्खा संच घ्या. महागात पडल्यासारखं वाटतं, पण लेथचे फेरे वाचतात. मग प्रश्न लांबीचा. सीजे-३बीचा व्हीलबेस फक्त ८० इंच आहे. लांब गिअरबॉक्स आला की मागचा प्रॉपेलर शाफ्ट आखूड होतो आणि त्याचा कोन वाढतो. ट्रान्स्फरची तोटी आणि पिनियन एकमेकांना समांतर राहिले नाहीत तर शाफ्टच्या सांध्यातले यूजे क्रॉस वरचेवर जातील. इंजिन ठेवताना फॅन, रेडिएटर, पुढचा हौसिंग आणि ऑइल संप यांच्यामधल्या जागा गाडी चाकांवर उभी असताना बघा, हॉर्सवर (स्टँडवर) टांगलेली असताना नाही. पाटे दबले की संप खाली येतो.

वजन हा आणखी एक मुद्दा. डिझेल जड असतं, त्यामुळे पुढचे पाटे बसतात. एक पान वाढवून काम भागतं, पण त्या आधी चासिस तारेच्या ब्रशने घासून बघा. पाट्यांच्या हँगरजवळ, स्टिअरिंग बॉक्सच्या बुडाशी आणि क्रॉस मेंबरच्या कोपऱ्यांत केसासारख्या भेगा असतात. हरिकेनच्या मऊ फिरण्याला त्या निभावतात, डीआयच्या ठोक्याला वाढतात. इंजिनाचं माउंटिंग रबरावरच हवं. ‘रबर कशाला, वेल्डच मारू’ म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

ब्रेकबद्दल कुणी विचारत नाही. मूळ गाडीला नऊ इंची ड्रम, एकाच सर्किटचा मास्टर सिलिंडर, बूस्टर नाही. गाडी जड केली, रेशो बदलून वेग वाढवला आणि ब्रेक १९७९ चेच ठेवले, तर ती गाडी मी माझ्या मुलाला चालवायला देणार नाही. बूस्टर बसवणार असाल तर लक्षात ठेवा, पेट्रोल इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम मिळतो, डिझेलमध्ये मिळत नाही. त्यासाठी मागे व्हॅक्यूम पंप असलेला अल्टरनेटर लागतो आणि तो संचात आला नसेल तर वेगळा खर्च. स्टिअरिंगची बेल क्रँक आणि किंग पिन यांच्यातला प्लेही याच वेळी काढून घ्या.

बारीकसारीक कामं पटकन सांगतो: मोठी बॅटरी आणि इंजिन ते चासिस जाड अर्थिंग, हीटर प्लग असलेलं इंजिन असेल तर त्याची स्वतंत्र जाड वायर, इंजिन बंद करायची केबल, ड्रायव्हरच्या सीटखालच्या टाकीतून पेट्रोल पूर्ण काढून ती स्वच्छ धुणं आणि डिझेलच्या रिटर्नसाठी टाकीला नवी तोटी. ती तोटी वेल्ड करायची तर टाकी उतरवून, पाणी भरून, या कामातल्या माणसाकडूनच. रिकाम्या दिसणाऱ्या पेट्रोलच्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते.

टोयोटाबद्दल. इंजिन म्हणून उत्तम, वाद नाही. डबवालीत ते बसवायचे साचे तयार आहेत, त्यांचा हात बसलाय. विट्यात तुमचा वॉटर पंप शनिवारी गेला तर सोमवारी कुठे मिळणार, हा माझा साधा प्रश्न. डीआयचा तालुक्याला मिळतो.

आता कागद. यावर मी गॅरेजवाला म्हणून बोलतोय, वकील म्हणून नाही, पण हा भाग टाळून पुढे जाता येत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलाशी आरसीवरचा तपशील जुळणार नाही असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात या कलमाचा असाच काटेकोर अर्थ लावला. सूट आहे ती मंजूर किट बसवून इंधन बदलण्याला, म्हणजे सीएनजी, एलपीजी, बॅटरी यांना. त्याच मेकचं आणि त्याच प्रकारचं इंजिन मंजुरी घेऊन बदलणं ही एक गोष्ट, आणि पेट्रोल काढून दुसऱ्या प्रकारचं डिझेल टाकणं ही पूर्ण वेगळी. पूर्वी अशा नोंदी आरसीवर झालेल्या आहेत, तुम्हाला रस्त्यावर तशा जीपा दिसतील. त्यांच्याकडे बोट दाखवून आज तुमचं काम होणार नाही. तुमच्या आरटीओत काम सुरू करायच्या आधी लेखी अर्ज द्या आणि उत्तरही लेखीच घ्या. ‘पासिंगचं मी बघतो’ असं म्हणणाऱ्या माणसाच्या शब्दावर इंजिन उतरवू नका. लेखी मंजुरी नसेल तर मी डिझेलचं काम हातात घेत नाही, कारण उद्या अपघात झाला तर विमा कंपनीचा माणूस पहिल्यांदा इंजिन नंबर बघतो.

इंजिन कुर्ल्यातून आणा किंवा कुठूनही, ते ज्या गाडीतून निघालं तिची आरसी रीतसर रद्द झाल्याचा कागद आणि बिल हवंच. नंबर घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला वाटला तर फुकटसुद्धा घेऊ नका.

आणि कदाचित तुम्हाला माहीत नसलेली एक बाब. २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि चासिस, बॉडी, इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी त्यात बसू शकते, नंबरात ‘व्हीए’ येतं. ती रोज वापरायला मिळत नाही, प्रदर्शन, रॅली अशा कामांपुरतीच रस्त्यावर काढता येते. त्यामुळे आज तुम्हाला त्याचा उपयोग नाही. पण तुमची जीप २०२९ मध्ये पन्नाशीची होते. मूळ इंजिनासह असेल तर तो दरवाजा उघडा राहतो. डिझेल टाकलंत तर बंद होतो, आणि उतरवलेलं हरिकेन गोठ्यात पोत्याखाली ठेवलं तर चार पावसाळ्यांत त्याचे बोअर गंजतात.

मग माझा कौल काय? तीनशे किलोमीटर महिना, दीड लाख रुपये, मूळ इंजिन आणि पेट्रोलची आरसी, एवढं बघता मी हरिकेनच ठेवीन. दीड लाखातला मोठा वाटा इंजिनाच्या खऱ्या निदानावर आणि दुरुस्तीवर, उरलेला ब्रेक, स्टिअरिंग, वायरिंग आणि पेट्रोलच्या लाइनवर. माझं मत कधी बदलेल? ब्लॉकच फुटलेला निघाला, किंवा गाडी रोज शंभर किलोमीटर चालणार असेल आणि आरटीओची लेखी मंजुरी हातात असेल, तर. तेव्हा डीआयचा अख्खा संच, दोन्ही हौसिंगना ४.२७ आणि ब्रेकचं काम एकाच वेळी, आणि बजेट दीडचं अडीच-तीन लाख. एक्सडीपी दुसऱ्या क्रमांकावर. ते ५.३८ वर क्राऊन-पिनियन न बदलता चालतं ही त्याची जमेची बाजू, कारण ते वरच्या आरपीएमचं इंजिन आहे. पण घाटात तुम्हाला हवी ती ओढ त्यात नाही, हे वर आलंच आहे.

संच बघायला गेलात तर आधी न कळवता जा आणि पोहोचताच इंजिनाच्या ब्लॉकवर हात ठेवा. गरम लागला तर तुमच्या आधीच कुणीतरी सुरू करून ठेवलंय, म्हणजे गार असताना ते लवकर उठत नाही. सुरू झाल्यावर ऑइलच्या टोपीतून धूर मारतंय का बघा, रेडिएटरचं झाकण इंजिन गार असतानाच काढून ठेवून पाण्यात बुडबुडे येतात का बघा, आणि वीस मिनिटं चालवून गरम झाल्यावरच ऑइलचं प्रेशर बघा. गार इंजिनाचं प्रेशर सगळ्यांचंच चांगलं असतं.

पण ते पुढचं. आत्ता एवढंच करा: चार सिलिंडरांचं कॉम्प्रेशन, कोरडं आणि ऑइल टाकून, क्राऊन-पिनियनचा मोजलेला रेशो, टायरच्या कडेवर छापलेलं माप, आणि गरम होऊन बंद पडल्यावर ठिणगी होती की नव्हती. हे आकडे इथेच लिहा. एक्झॉस्टच्या टॅपेटचं झाकण शेवटचं कधी उघडलं हे मिस्त्रीला विचारून तेही कळवा.